त्या शुक्रवारी एसी चालू होता

इनासभाऊ,

त्या शुक्रवारी एसी चालू होता.

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सुमेधाला नाही, क्लबात नाही, तुम्हाला तर नाहीच. चार वर्षं ते माझ्यापाशी आहे. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि आता, ज्याने ते ऐकायला हवं होतं तो माणूस नाही म्हटल्यावर, ते माझ्याच्याने लिहिलं जातंय. यात धैर्य वगैरे काही नाही हे मला कळतं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं द्या म्हणाले. तुम्हीच त्यांच्या सगळ्यात जवळचे, असंही म्हणाले. मी आधी वसई, शिक्षण, दुबईतल्या हॉटेलात मेंटेनन्स विभागात काढलेली सव्वीस वर्षं, असं रीतसर लिहायला घेतलं. अर्धं पान झालं आणि वाटलं, हे तर तुमच्या बायोडेटात आहेच. मग कागद बाजूला ठेवला आणि तुमची वही काढली. ती माझ्याकडेच आहे.

वाचणाऱ्यांना आपला उद्योग सांगायला हवा, नाहीतर एसीचं काय एवढं असं त्यांना वाटेल. उम्म अल कुवैनच्या बाजूला आपला नेमबाजीचा क्लब. तिथे आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या अबू हमादच्या खोलीला लागून एक लहान खोली, आणि त्या खोलीत क्लबच्या परवान्यावर आपण दोघं सामन्यासाठी पिस्तुलाची काडतुसं हाताने भरायचो. झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, निवडायच्या, त्यात नव्याने दारू आणि गोळी बसवायची. सुमेधा फोनवर माहेरी सांगायची, "हे ना? शारजात राहतात आणि दर शुक्रवारी दारू मोजायला जातात." शारजात दारूबंदी, त्यामुळे सासऱ्यांना ही गोष्ट समजायला दोन वर्षं लागली.

बाजारातली तयार काडतुसं काय वाईट असतात, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. तुम्ही उठलात. दोन खोके आणले, पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवलं, म्हणजे हाताचा संबंधच नको, आणि दोन्ही खोक्यांतल्या दहा-दहा गोळ्या दोन कागदांवर मारल्या. मग खिशातून एक दिरहमचं नाणं काढून भोकांवर ठेवलं. एका कागदावर भोकं नाण्याबाहेर डोकावत होती, दुसऱ्यावर त्याहून जास्त. तिसऱ्या कागदावर तुम्ही भरलेली दहा मारली. ती सगळी नाण्याखाली गेली. तुम्ही नाणं खिशात टाकलंत आणि म्हणालात, "चल, चहा घेऊ."

आपण भेटलो ते त्याच्याही आधी, चाचणीच्या लेनवर. अर्धा तास आपण एकमेकांशी हिंदीत अदबीने बोलत होतो. भाईसाब, ग्रिप थोडा ढीला रखिए. मग तुमची एक गोळी वाया गेली आणि तुमच्या तोंडून "आयला" निघालं. मी वळून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "च्यायला, अर्धा तास फुकट घालवला की." त्या दिवशी गाडीच्या डिकीतून तुम्ही मला सुकेळी दिली होती, वसईहून आणलेली वाळवलेली केळी, पानात बांधलेली. ती माझ्या हातांना घरी जाईपर्यंत चिकटून होती.

तुमची पद्धत फार मोठी नव्हती, पण तिच्यात सूट नव्हती. पुंगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या, एका थैलीत. गोळी प्रत्येक वेळी तेवढीच आत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती बदलली की शिकंज्यातून दहा मारून तो कागद वहीत चिकटवायचा. मी घाई करायचो. दारू बदलली आहे तर गोळीची खोलीही बदलून बघू या, एक फेरी वाचेल. तुम्ही मान हलवायचात. "मग सुधारलं तर कशामुळे सुधारलं, हे तुझा बाप सांगणार का?"

आणि एसी. दारू तोलायच्या काट्याचं काचेचं झाकण केव्हाच फुटलं होतं. नवं मागवू म्हणता म्हणता आपण एसी बंद करायला शिकलो. कारण झोत थेट टेबलावर यायचा आणि त्या वाऱ्यानेही पारडं हलायचं. त्या काट्यावर आपण जे तोलत होतो ते चिमटीहूनही कमी. मग वजन करायच्या आधी वीस मिनिटं एसी बंद, दार बंद, आणि आपण दोघं बनियनवर. ऑगस्टात त्या खोलीत बसलेला माणूस बाहेर आला की अबू हमाद हसायचा, "हबीबी, ये शूटिंग है या हमाम?" तुम्ही डोक्याला पंचा बांधायचात, काट्यावर घाम पडू नये म्हणून. वहीत तुम्ही रकाने आखले होते. तारीख, थैली, काटा तपासला, एसी बंद, सही.

माझं पोट काट्यांवरच चालतं. इंडस्ट्रियल एरियातल्या ज्या लॅबमध्ये मी आहे तिथे आम्ही दुसऱ्यांचे काटे तपासून प्रमाणपत्रं देतो. तुम्ही ते क्लबात सगळ्यांना सांगायचात, जणू मी सर्जन आहे. "देवधरने टिक केलं की मी बघत नाही." हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

आपला एक वाद शेवटपर्यंत सुटला नाही. मी म्हणायचो, इनासभाऊ, आपला हात एवढा चांगलाच नाही. शिकंज्यात नाण्याएवढा फरक पडतो, मान्य. पण हातात धरून मारताना आपण बशीएवढे पसरतो. मग दारूच्या कणाकणाचा एवढा आटापिटा कशाला? तुम्ही एकदा चिडून बोललात. एवढं लांब बोलताना मी तुम्हाला क्वचितच ऐकलंय. "म्हणूनच करायचा. माझ्या हाताची चूक माझ्या हाताची दिसली पाहिजे. तिच्यात काडतुसाची चूक मिसळली तर मी सुधारू कोणाला?" मी तेव्हा हसून विषय बदलला. परतीच्या वाटेवर शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आपण तासभर अडकलो होतो आणि तुम्ही तोच मुद्दा पुन्हा काढलात. मी म्हणालो, बघू. ते बघू तसंच राहिलं.

तो शुक्रवार जुलैतला. शनिवारी सकाळी आंतरक्लब सामना, तिघांचा संघ, त्यात तुम्ही. काडतुसं भरायला आपण दोघंही जाणार होतो. दुपारी तुमचा फोन आला, हॉटेलच्या एसीचा चिलर बंद पडला आहे, तुम्ही गच्चीवर आहात, सुटका नाही. मागून कोणीतरी मल्याळममध्ये ओरडत होतं. तुम्ही म्हणालात, "तू एकटा भर आज. तुझ्यावर सोडलं."

मी गेलो. एसी बंद केला, वीस मिनिटं थांबलो, सुरुवातही नीट केली. वीसेक झाली असतील तेव्हा अबू हमादने दार उघडून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा लाल झाला असणार. "मर जाएगा," तो म्हणाला आणि त्यानेच बटण दाबलं. बटण त्याने दाबलं हे खरं. पण त्याला बंदुका कळतात, काट्याशी त्याचा संबंध नाही. काट्याचं मला कळत होतं. थंड हवा मानेवर आली आणि मी म्हटलं, पाच मिनिटं, मग बंद करू. आकडे हलत होते. दिसत होते मला हलताना. मी पारड्याला तळहाताचा आडोसा केला, आकडा स्थिरावल्यासारखा वाटला की टाकत गेलो. उरलेली चाळीस मी तशीच भरली. मग वही उघडली, एसी बंद या रकान्यात टिक केली आणि सही केली. त्या वेळी एसी चालू होता. पेन गार लागत होतं, इतका चालू होता.

आणि त्याच वेळी तुम्ही गच्चीवरच्या त्या उन्हात, दुसऱ्यांच्या थंड हवेसाठी. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. नंतर आलं, आणि मग गेलं नाही.

शनिवारी तुमचा कागद मीच आणला. मधली ओळ बघण्यासारखी होती, डावं-उजवं जवळजवळ काहीच नाही. पण भोकं वर-खाली पसरली होती, भिंतीवर ओल चढावी तशी. दारूचं वजन कमीजास्त झालं की गोळीचा वेग बदलतो आणि मग असंच दिसतं. हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही कागद बराच वेळ धरून होतात. मग वही मागितलीत, पान उघडलंत, रकान्यांवरून बोट फिरवलंत, माझ्या सहीपाशी थांबलात आणि वही मिटलीत.

"काडतुसं तुझी होती," तुम्ही म्हणालात. "म्हणजे हातच."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. माझ्या भोवती पाच माणसं उभी होती, संघ हरला होता, आणि मी म्हणालो, "उकाडा फार आहे आज."

तुमचा हात थोडा थरथरायचा हे खरं आहे. त्या वर्षी चहाचा कप बशीवर वाजायला लागला होता, तुम्हीच चेष्टा करायचात. म्हणून तर ते तुम्हाला पटलं. पण त्या दिवशीचा कागद तुमच्या हाताचा नव्हता. मला नुसता संशय नाही, मला माहीत आहे. पुढच्या बुधवारी मी एकटा क्लबात गेलो. त्या खेपेतली बारा उरली होती. सहा शिकंज्यातून मारली. एक उभी ओळ आली, नाण्याच्या वर आणि खाली बाहेर गेलेली. उरलेली सहा अबू हमादसमोर उघडली आणि एसी बंद करून दारू तोलली. सहापैकी दोन हलकी, एक जड. अबू हमादने विचारलं, "मुश्किला?" मी म्हटलं, नो मुश्किला. हलकं काडतूस आणखी हलकं असतं तर गोळी नळीतच अडकली असती आणि तिच्यामागे तुम्ही पुढची झाडली असती, पिस्तूल हातात फुटलं असतं. म्हणजे हरण्यापुरतंच झालं हे माझं नशीब. तो कागद मी वहीत चिकटवला नाही. फाडून टाकला.

तुम्ही नंतर आला नाहीत. मी दोनदा फोन केला. तुम्ही म्हणालात, पाठ दुखते. तिसऱ्यांदा म्हणालात, "सोड ना देवधर. हात गेलेल्या माणसाने लेन अडवू नये." माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात की संघातल्या तुमच्या जागी तुम्ही माझं नाव सुचवलं आहे.

मी ती जागा घेतली, इनासभाऊ. तुमच्याच तीन नंबरच्या लेनवर दोन वर्षं उभा राहिलो. हे सगळ्यात वाईट. घाबरून गप्प बसलो असं म्हणायला जागा होती, ती मी स्वतःच्या हाताने घालवली. एसी मात्र पुन्हा कधी चालू ठेवला नाही. कोणी सोबत नसलं तरी बनियनवर बसतो आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळतो. तुम्ही ओठ मिटून आकडा पुटपुटायचात तो आवाज त्या खोलीत कधीकधी ऐकू येतो असं मी म्हणणार नाही. येत नाही. येईल म्हणून मी थांबतो, एवढंच.

तुम्ही कायमचे वसईला निघालात त्याच्या आदल्या आठवड्यात अल मजाजला आमच्याकडे जेवायला आला होतात, रेजिनावहिनी आणि तुम्ही. आमच्या ऋचाच्या बोटात लाकडाचं कुसळ गेलं होतं, ती आईला हात लावू देत नव्हती. तुम्ही तिला खिडकीपाशी नेलंत, खाली खाडीतल्या बोटी मोजायला सांगितल्यात आणि उजव्या हातात चिमटा धरून ते बारीक कुसळ एका झटक्यात काढलंत. ती बोटाकडे बघत म्हणाली, "अंकल, युअर हँड इज सो स्टेडी." वहिनींनी ताटात मान घातली. तुम्ही हसलात. "लहान कामाला चालतो अजून."

माझ्यासमोर ताट वाढून ठेवावं तसा तो क्षण होता. मी दही आणायला आत गेलो. फ्रिजचं दार उघडून उभा राहिलो, सुमेधा विचारायला आली की सापडत नाही का. समोरच होतं.

जाताना तुम्ही मला वही दिलीत. मी म्हटलं, ती तुमच्याकडेच असू दे. तुम्ही म्हणालात, मला तिचा आता काय उपयोग. लिफ्टचं दार मिटताना तुम्ही हात केलात. डावा.

तुम्हाला कळलं होतं का? गेल्या सोळा दिवसांत मी हे स्वतःला फार वेळा विचारलं. कळलं असतं तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच मी ते शोधतोय. पण नाही. तुम्ही कळून गप्प बसणाऱ्यातले नव्हतात. तुम्ही माझी कॉलर धरली असतीत, मग चहा पाजला असतात आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा पंचा बांधून बसला असतात. ते शुक्रवार मी घालवले. तुमचे, आणि माझेही. किती झाले असते ते मी मोजत नाही.

वहीतलं ते पान काल उघडलं. माझी टिक आहे, सही आहे. खाली निकालाच्या जागी तुम्ही पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आहे. हात.

वहिनींना फोन केला होता. शेरिलने, तुमच्या मुलीने, उचलला आणि त्यांच्याकडे दिला. मी सांत्वनाचं जे बोलतात ते बोललो. वहिनी शांत होत्या. तुमच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होत्या. विहिरीजवळ खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचायचे. मग म्हणाल्या, "त्यांचं एक मात्र मनाला लागून राहिलं, भाऊ. शेरिलचं बाळ कधी उजव्या हातावर घेतलं नाही. म्हणायचे, हा हात भरवशाचा नाही, पडेल. कितीदा सांगितलं, अहो धरा, आम्ही आहोत. नाही. डाव्याच हातावर घ्यायचे, नाहीतर घ्यायचेच नाहीत."

ऋचा शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. मी वहिनींना म्हणालो, येतो मी एकदा वसईला. त्या म्हणाल्या, या, सुमेधालाही आणा.

तुम्ही मला एका वेळी एकच गोष्ट बदलायला शिकवलंत. दोष कुठला ते ओळखता यावं म्हणून एवढी खटपट, हे शिकवलंत. आज माझ्या हातून जे काही नीट होतं ते बरंचसं तुमच्यामुळे. लॅबमध्ये नवीन मुलं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी पंखे बंद करायला लावतो आणि तुमचं नाव न घेता तुमचीच वाक्यं बोलतो. हे सगळं घेतलं तुमच्याकडून आणि तुम्हाला एक खोटी टिक दिली. तुम्ही ती खरी मानलीत, कारण ती माझी होती, आणि मग जो हात सुधारायचा होता तो खिशात घातलात.

अंक पुढच्या महिन्यात छापून येईल. वसईत कोणाच्या तरी फोनवर तो पोचेलच. वहिनींना हे माझ्या तोंडून आधी कळायला हवं, छापलेलं वाचून नाही. तिकीट मी अजून काढलेलं नाही. आज काढीन असं काल म्हणालो होतो. वही घेऊन जायची, ते पान उघडायचं, तुमचा पेन्सिलीचा शब्द खोडायचा नाही, त्याच्यापुढे माझ्या अक्षरात लिहायचं की एसी चालू होता, आणि त्याखाली सही करायची. शेरिलला सांगायचं की बाळ मोठं होईल तेव्हा त्याला आजोबांचा उजवा हात चांगला होता असं सांग.

वहिनींना आणि शेरिलला मी एक वाक्य देणं लागतो. "इनासभाऊंच्या हातात दोष नव्हता." ते मी अजून दिलेलं नाही.